बॅटरीचं पाणी गाळणारे ठिबकअंकल

ठिबकअंकल कुणाच्याही घरी गेले की आधी नळ ऐकत. बसा म्हटलं तरी बसत नसत. दारात चपला काढायच्या, मान तिरकी करायची, एक बोट वर धरायचं आणि उभं राहायचं. स्वयंपाकघरातून टप... टप... असा आवाज आला की त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरे की घरातल्या बाईला आपला गळका नळ म्हणजे मोठं वैभव वाटू लागे. "वा! काय ठिबक आहे!" ते म्हणत. मग पिशवीतून पाना काढून तोच नळ दुरुस्त करून देत, आणि आवाज बंद झाला की जरा हळहळत.

त्यांचं खरं नाव त्यांच्या बताक्यावर, म्हणजे कतारच्या ओळखपत्रावर होतं. ठिबकअंकल हे नाव माझ्या नवऱ्यानं, विल्सननं ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की पुढे ते फोनवरही "ठिबक बोलतोय" असं म्हणायला लागले. नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा आम्ही दोघं दोहाला आलो. मी नर्स, विल्सन एका ऑफिसात अकाउंट्सला. फरीज बिन ओमरान या वस्तीत तीन मजली बिल्डिंग, खाली बकाला, म्हणजे वाण्याचं दुकान, वर आम्ही, आणि आमच्या समोरच्या दारात अंकल आणि रेजिनाआंटी. तेही वसईचेच, आमच्या गावापासून दोन गावं पलीकडचे. अंकल एका कंपनीत एसीच्या मोठ्या मशिनांचे सुपरवायझर होते. तुमच्याही बिल्डिंगमध्ये असा एक अंकल असेलच, ज्याच्या पिशवीत कायम पाना असतो आणि डोक्यात कायम एखादा उद्योग.

"ठिबक पाहिजे, बाय, धार नको." हे त्यांचं वचन सगळ्याला लागू होतं. आंटीनं चहा भसकन ओतला की ठिबक पाहिजे. शुक्रवारच्या मिस्सेला फादरांचं प्रवचन लांबलं की माझ्या कानाशी येऊन, "धार लागली." आंटी एकदा त्यांच्यावर चांगली तापली होती, बोलतच सुटली होती, तर हे हात जोडून म्हणाले, "रेजिना, ठिबक, ठिबक." आंटीनं त्या दिवशी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. "आता नळ बंद आहे," एवढं मात्र तिनं मला येऊन सांगितलं.

अंकलचा दुसरा गुण म्हणजे एखादी गोष्ट येत नसली तर ते ती भर चौकात शिकत. केस कापायला शिकले ते विल्सनच्या डोक्यावर, आणि विल्सन महिनाभर ऑफिसात टोपी घालून बसला. यल्ला, खलास, शुक्रन, इन्शाल्ला हे चार शब्द त्यांना आले तेव्हा आपल्याला अरबी आलं असं त्यांनी जाहीर केलं. आणि खरं सांगायचं तर त्या चार शब्दांवर त्यांनी ड्रायव्हिंग लायसन्स काढलं, चोरीला गेलेली सायकल परत आणली आणि एका लग्नात भाषणही ठोकलं. चुकलं तर लाजायचं नाही, हे मी त्यांच्याकडून शिकले. हॉस्पिटलात मला त्याचा फार उपयोग झाला.

गाळायला शिकले त्याला कारण मी. मला दिवस गेले होते. वसईला बाबा अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे आई येऊ शकणार नव्हती. बाप्तिस्मा दोहातच करायचा ठरला. एका संध्याकाळी आंटीच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही बेत ठरवत होतो, केक, समोसे, ज्यूस, आणि एकदम माझ्या डोळ्यांना पाणी आलं. आमच्याकडे बाप्तिस्मा म्हणजे खिमाड. दालचिनी, लवंग, वेलची, गवती चहा घालून उकळलेलं पाणी, त्यात घरी गाळलेली दारू, आणि गरमगरम घोट हातोहात फिरवायचा. माझ्या भावाच्या पोराच्या वेळी तपेलं चुलीवरून उतरलंच नव्हतं. "माझ्या बाळाचं स्वागत मात्र डब्यातल्या आंब्याच्या ज्यूसनं," असं म्हणून मी रडले. दिवस गेलेल्या बाईला रडायला कारण लागत नाही, पण माझ्याकडे कारण होतं. आपलं म्हणून या पोराला इथे कोण हातात घेणार, ही भीती त्या ज्यूसच्या आड होती.

अंकल दारात उभे होते. "खिमाड होणार," ते म्हणाले.

"कशाचं? जिऱ्याच्या पाण्याचं?" आंटीनं विचारलं. दारूचा परवाना मिळायचा तो साहेब लोकांना. अंकल काही त्या पंगतीतले नव्हते.

"मी गाळणार."

आंटीनं हातातली सुरी खाली ठेवली. "पकडले गेलात तर नोकरी गेली, व्हिसा गेला, घर गेलं. सरळ विमानात बसवतील. आणि मी तुमच्या शेजारच्या सीटवर बसणार नाही, आधीच सांगते."

हे सगळं खरं होतं, आणि अंकलनाही ते ठाऊक होतं. मी डोळे पुसून नको नको म्हणाले. त्यांनी मान तिरकी केली, बोट वर केलं. "वसईच्या पोराला वसईच्या वासानं बोलवायचं. नायतर त्याला कसं कळणार आपण कुठले?" शेवटी आंटीनं अट घातली. बाप्तिस्म्यापर्यंत. त्यानंतर दोहात या घरात एक थेंब गाळायचा नाही. अंकलनी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. "खलास," ते म्हणाले.

गावच्या भट्टीसारखी भट्टी लावली असती तर गोष्ट सोपी होती. पण अंकलच्या कंपनीत एक स्कॉटिश इंजिनिअर होता, आणि त्यानं चहाच्या सुट्टीत यांच्या डोक्यात रिफ्लक्स नावाचं खूळ भरवलं. साध्या भट्टीत वाफ उठते, थंड होते आणि बाटलीत पडते. यात भांड्यावर कमरेएवढी उंच तांब्याची नळी, नळीत तारेच्या घासण्या ठासून भरलेल्या, आणि डोक्यावर थंड पाण्याचं वेटोळं. वर गेलेली वाफ थंड होऊन घासण्यांवरून खाली ओघळते, खालची गरम वाफ तिला पुन्हा वर ढकलते, आणि असं खालीवर करताना पाणी मागे राहतं. शेवटी जे टपकतं ते एकदम शुद्ध. अंकल ते असं समजावत, "गावच्या भट्टीत सगळे पास. आमच्यात नापास करून परत खाली बसवतात."

ही शाळा त्यांनी पाहुण्यांच्या बाथरूममध्ये भरवली, कारण तिथे थंड पाण्याचा नळ हाताशी होता. एसीच्या कामातले तांब्याचे तुकडे, कँटीनमधून निवृत्त झालेला प्रचंड कुकर, आणि बकाल्यातल्या सगळ्या घासण्या. केरळच्या बकालेवाल्यानं आंटीला विचारलं, "चेची, घरी एवढी भांडी कुणाची?" त्या दिवसापासून त्यांच्याकडे आलेल्या पाहुण्यांना बाथरूमला आमच्या घरी पाठवण्यात येऊ लागलं.

पहिला प्रयोग खजुराचा. निळ्या पिंपात खजूर, साखर आणि यीस्ट कालवून अंकलनी झाकण लावलं, आणि मेच्या उकाड्यात एसी बंद करून दार लोटून घेतलं. त्याच संध्याकाळी आंटीकडे रोझरी होती. आम्ही बायका माळा घेऊन गुडघ्यावर बसलेलो, माळेतलं तिसरं रहस्य चाललेलं, आणि बाथरूमच्या दाराखालून तपकिरी फेस हळूहळू हॉलमध्ये यायला लागला. आंटीनं तो पाहिला. प्रार्थनेतला एकही शब्द न चुकवता तिनं पायानं पायपुसणं सरकवलं, मग दुसरं सरकवलं, मग सोफ्यावरची चादर. "आमेन" म्हणताना तिचा आवाज इतका चढला की सगळ्यांना तिची भक्ती जाणवली. अंकल जिन्यात बसून हे ऐकत होते. पुढच्या खेपेपासून त्यांनी खजूर सोडला आणि आपला गूळ धरला.

मग आच. अंकलना वाटलं, आच वाढवली की काम लवकर उरकेल. नळीतून पाण्यासारखी धार लागली आणि तिला धड ना चव ना जोर. आच कमी केली, इतकी कमी की काही होतंय की नाही तेच कळेना, तेव्हा कुठे टप... टप... सुरू झालं. अंकल बादली उलटी घालून त्यावर बसले होते. ते उठून बाहेर आले, आम्हा सगळ्यांना गप्प केलं, आणि मी, विल्सन आणि आंटी त्या बाथरूमच्या दारात देवळात उभं राहावं तसे उभे राहिलो. तिथून त्यांना ठिबकीचं जे वेड लागलं ते कायमचं.

माझी एकच अट होती, आणि तीत मी तडजोड केली नाही. भलतंसलतं पिऊन डोळे घालवलेला माणूस मी वॉर्डात पाहिलेला होता. तेव्हा प्रत्येक वेळी आधी येणारा भाग फेकायचा, चर्चा नाही. "अगं, त्यातच तर सगळा दम असतो," अंकल म्हणत. "त्यातच सगळा धोका असतो," मी म्हणे. पण फेकणं त्यांच्या जिवावर येई. शेवटी त्यांनी तो भाग खिडक्या पुसायला घेतला. वाळूचं वादळ येऊन गेलं की साऱ्या बिन ओमरानच्या काचा पिवळ्या दिसत, आणि आमच्या मजल्यावरच्या तेवढ्या लखलखत.

आयबाई आल्या त्या हिवाळ्यात. आयबाई म्हणजे अंकलची आई, नव्वदीकडे झुकलेली, पाठीत वाकलेली, लाल लुगडं नेसलेली आणि कुणालाही न घाबरणारी. व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या आणि ईस्टर झाल्यावर परत जायच्या होत्या. त्या आल्यानंतर थोड्याच दिवसांत रिया झाली. हॉस्पिटलातून मी घरी आले तेव्हा आयबाईंनी तिला माझ्या हातातून घेतलं, आणि माझ्या आईनं म्हटलं असतं तेच म्हटलं, "नाक बापाचं घेतलंस होय गं? असू दे, वाढेल." माझी निम्मी भीती तिथेच गेली.

आयबाईंच्या तरुणपणी गावच्या लग्नांची दारू त्यांच्या परसात गाळली जायची. साहजिकच अंकल आपली बाटली घेऊन आईपुढे गेले. पाण्यासारखी पारदर्शक, ना रंग ना वास. कॉलेजात पहिला आल्यासारखा त्यांचा चेहरा. आयबाईंनी टोपणात दोन थेंब घेतले, हुंगले, जिभेला लावले आणि माझ्याकडे वळल्या.

"बाय, हे तुमी सुई मारायच्या आदी लावता, तेच ना?"

मी हसू दाबलं. पण म्हातारीचं बरोबर होतं. वास आला तर तो माझ्या ड्यूटीचा येत होता. अंकल म्हणाले, "आये, ही प्युअर आहे. एकदम प्युअर!"

"असंल. पन हिला गाव नाय." आणि बाटली त्यांनी बाजूला सारली.

त्या एका वाक्यानं अंकल खचले. गळका नळही आता ते न ऐकताच दुरुस्त करून टाकत. त्यांनी गूळ बदलला, मसाले वाढवले, पुन्हा गाळून पाहिलं. दर वेळी आयबाईंचं उत्तर एकच, गाव नाय. आणि बाप्तिस्म्याची तारीख तर ठरून बसलेली, ईस्टरनंतरचा पहिला शुक्रवार. मी म्हटलं, "अंकल, सोडा आता. तुम्ही एवढं केलंत हेच खूप आहे." ते म्हणाले, "बाय, सुईच्या औषधानं पोरीचं स्वागत करू?"

याच सुमारास दुसरी आफत ओढवली. आमचा नातूर, म्हणजे बिल्डिंगचा राखणदार, रत्नागिरीचा हमीदचाचा. पाच वेळा नमाज पढणारा, सरळ माणूस. एकदा तो वर आला आणि आतून बुडबुड आवाज ऐकून थबकला. "काय ओ अंकल, काय शिजतंय?"

अंकलच्या तोंडून निघून गेलं, "बॅटरीचं पाणी! डिस्टिल्ड. गाडीसाठी."

"मग वायच मलापण द्या की. माझी पिकअप सकाळची सुरू होत नाय."

आता काय करणार? दिलं नाही तर संशय. अंकलनी सगळं धुऊन साधं पाणी गाळलं आणि हमीदचाचाला दिलं. पिकअप सुरू झाली. झालं, हमीदचाचानं सगळ्या बिल्डिंगला सांगितलं. पहिल्या मजल्यावरचा मलबारी गाडीसाठी मागू लागला, दुसऱ्या मजल्यावरच्या फिलिपिनो मुली इस्त्रीसाठी, त्यांच्या समोरचा इजिप्शियन डॉक्टर कशासाठी ते त्यानं सांगितलं नाही. शुक्रवारी सकाळी अंकलच्या दारात रिकाम्या बाटल्यांची रांग लागायची. एका गुन्ह्यावर पांघरूण घालायला ते अख्ख्या बिल्डिंगचे पाणके झाले. विल्सन म्हणायचा, "अंकल, चोर बरे, रात्रीपुरतं काम करतात."

आणि मग एके दुपारी हमीदचाचा जिन्यात मोठ्यानं खोकला. वर येताना तो नेहमीच खोकायचा, पण हा खोकला जरा जास्तच मोठा होता. त्याच्यामागे आमचे अरबाब, बिल्डिंगचे मालक, पांढऱ्या शुभ्र पायघोळ थोबमधले वयस्कर कतारी गृहस्थ. मी रियाला घेऊन आंटीकडेच होते. आंटीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. अंकलनी आपलं सगळं अरबी एका दमात वापरलं. "यल्ला, यल्ला, शुक्रन, इन्शाल्ला..." खलास तेवढं त्यांनी गिळलं.

अरबाब हसले. हमीदचाचानं हिंदीत सांगितलं. अरबाबांच्या आईला पूर्वी घरच्या गुलाबपाण्याची सवय होती, कॉफीनंतर पाहुण्यांच्या हातावर शिंपडायला. बाजारातलं तिला आवडत नाही. सौदीतल्या ताइफच्या नातेवाइकांनी गुलाब पाठवलेत. वरचा अंकल पाणी इतकं पाकसाफ गाळतो, तर हेही गाळून देईल का? मागून ड्रायव्हर पाकळ्यांनी भरलेल्या टोपल्या घेऊन चढत होता. साऱ्या जिन्यात गुलाब पसरला. आंटी सोफ्यावर बसली ती उठलीच नाही.

अंकलना मी तेव्हा जितकं मानलं तितकं आधी मानलं नव्हतं. "त्यांची आई नमाज पढणारी," ते म्हणाले. "तिच्या पाण्यात आपला एक कण जाता कामा नये." कुकर नवीन आणला. नळी मी आणि आंटीनं मिळून ऑपरेशनची हत्यारं धुवावीत तशी धुतली, उकळली, पुन्हा धुतली. घासण्याही उकळून परत भरल्या. तरी पहिलं पाणी आलं त्याला गुलाबाचा वासच नाही. पाकळ्या उकळल्या, वाफ वर गेली, आणि सगळा सुगंध घासण्यांनी अडवून परत खाली पाठवला. अंकलनी कपाळावर हात मारला. "आमच्या शाळेनं गुलाबालापण नापास केलं!" मग त्यांनी घासण्या उपसून काढल्या, नळी मोकळी केली, आणि टप... टप... असं गुलाबपाणी आलं की आयबाई आतल्या खोलीतून भिंत धरत बाहेर आल्या. अरबाबांनी आईसाठी बाटल्या नेल्या, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या दोन्ही घरी खजुरांच्या पेट्या आल्या.

आता बाप्तिस्मा उंबरठ्यावर आला होता. गुळाचं शेवटचं पिंप तयार होतं. ही शेवटची संधी. अंकलनी घाईघाईनं भट्टी लावली, आणि थोड्या वेळानं बाथरूममधून ओरडले, "रेजिना! घासण्या कुठायत?"

आंटी भांडी घासत होती. तिनं हातातली घासणी वर धरून दाखवली. "ह्या? चांगल्या स्वच्छ उकळलेल्या होत्या. घरात घासणी नाही, बकाल्यात घासणी नाही. सगळ्या तुम्हीच आणून बसलाय. मी काय राखेनं घासू?"

नळी रिकामी होती. अंकलनी घासण्या भरल्याच नव्हत्या. घाईत गुलाबपाण्यानंतरची मोकळी नळी तशीच चढवली होती. ठिबक जोरात चालली होती आणि जे पडत होतं ते जरा गढूळ होतं. मी सुरुवातीचं फेकून दिलं होतं, ती शिस्त मोडली नव्हती, पण शुद्धता गेलीच. अंकल उलट्या बादलीवर डोकं धरून बसले. "खलास," ते पुटपुटले. "सगळं खलास, बाय." एवढा मोठा माणूस इतका केविलवाणा झालेला मी पाहिला नव्हता, आणि मला माझ्या त्या दिवशीच्या रडण्याचीच चीड आली.

पाठीमागे काठी टेकल्याचा आवाज आला. आयबाई. त्यांनी नाक वर केलं होतं. "कोन काय गालतंय?" त्या पुढे आल्या, बाटलीच्या तोंडावर बोट धरून एक थेंब घेतला, जिभेला लावला.

"हां," त्या म्हणाल्या. "आता गाव आलं." मग पुन्हा हुंगलं, आणि भुवया वर केल्या. "पन पोरा, हिच्यात गुलाब कुटनं?"

धुतली होती, पुसली होती, तरी त्या नळीनं ताइफचे गुलाब सोडले नव्हते. गुळाचा तो ओळखीचा, जाडसर, परसातला वास, आणि त्याच्या मागून हळूच गुलाब. अंकल घाबरून म्हणाले, "आये, चुकलं. गावच्या दारूला गुलाब नसतो." आयबाईंनी माझ्या कडेवरच्या रियाच्या गालाला तेच बोट लावलं. "पोरगी गावात जलमली काय? इतं जलमली. निम्मं गाव, निम्मं इतलं. बराबर हाय."

शुक्रवारी मिस्सेहून आल्यावर आंटीच्या स्वयंपाकघरात खिमाड उकळलं. मोजकीच माणसं, खिडक्या बंद, काचा लखलखीत. आयबाईंच्या घरची रीत अशी की पहिला थेंब जमिनीला, घरच्या गेलेल्यांसाठी. त्यांनी अंकलच्या हातून तो थेंब दोहाच्या त्या गुळगुळीत फरशीवर पाडवला, मग माझ्या ओठाला बोट लावलं, आणि रियाला हातात घेऊन सगळ्यांपुढे फिरवलं. माझी आई तिथे नव्हती, पण मला ती नसल्यासारखं वाटलं नाही. अंकल रियाचे गॉडफादर. ते कोपऱ्यात उभे राहून रडत होते आणि वाफ डोळ्यांत गेली असं सांगत होते.

आयबाई पुढच्या आठवड्यात वसईला गेल्या आणि अंकलनी शपथ पाळली. पण भट्टी मोडली नाही, मोडताच येईना. बॅटऱ्यांना पाणी लागत होतं, इस्त्र्यांना लागत होतं, आणि दर वसंतात ताइफहून टोपल्या येत होत्या. अंकलना विमानात बसवायला निघालेली ती वस्तू बिल्डिंगची शान झाली. रिया त्या जिन्यात रांगली, चालली, पडली. गुलाबाच्या दिवसांत तिच्या फ्रॉकनासुद्धा तो वास यायचा.

काही वर्षांनी अंकल रिटायर झाले. निघायच्या दिवशी हमीदचाचानं सामान खाली नेलं आणि अंकलचे दोन्ही हात धरले. "अंकल, तुमी गेलाव की माझी सर्दी बरी होईल." अंकलना कळेना. "मी काजूच्या भट्ट्यांच्या गावचा ओ. तो वास मला झोपेतपण कळतो. पण कुणी विचारला तर काय सांगू? म्हणून वर येताना मला बारमाही सर्दी." अंकलनी त्याला मिठी मारली. टॅक्सी सुटली, तेव्हा त्यांचा हात खिडकीबाहेर होता आणि एक बोट वर होतं.

बिन ओमरानची ती बिल्डिंग पुढे पाडली. आम्ही दोहातच अल हिलालला राहायला गेलो. अंकलचा फोन यायचा, "ठिबक बोलतोय," आणि रिया त्यांना इंग्रजीत उत्तरं द्यायची. मराठी तिला सगळं समजायचं, तोंडून काही निघायचं नाही. मग एकदा फोन आला तो आंटीचा होता.

अंकलच्या मातीला पोचता आलं नाही. महिन्याच्या मिस्सेला वसईला गेलो. घर माणसांनी भरलेलं, आणि रिया खुर्चीच्या कडेला अंग चोरून बसलेली. सगळ्या म्हाताऱ्या तिचे गाल ओढत होत्या आणि तिला कुणी ओळखीचं नव्हतं. माणसं गेल्यावर आंटीनं फडताळातून एक बाटली काढली. "शेवटची. ईस्टरला काढलेली." दोहात गाळायचं नाही एवढीच शपथ होती, असं अंकलचं म्हणणं असे. खिमाड उकळलं. आंटीनं वाफाळता कप रियाच्या नाकापुढे धरला. "तुझ्या गॉडफादरनं केलंय. पिऊ नको, वास तरी घे."

रिया वाकली. मग तिनं वर पाहिलं. "मम्मा, धिस इज अवर ओल्ड बिल्डिंग. धिस इज द स्टेअर्स!"

"काय म्हणते?" आंटीनं विचारलं.

"जिन्याचा वास आहे म्हणते. बिन ओमरानच्या."

आंटी खाली बसली. मागच्या दारातून परसातली गुलाबाची झाडं दिसत होती, रांगेनं लावलेली. "गावातले हसायचे यांना," ती म्हणाली. "गाळताना गुलाब घालतो म्हणून. हे ऐकायचे नाहीत. म्हणायचे, माझी पोर कधी इथं आली तर तिला परकं वाटायला नको."

रिया खुर्चीवरून उठली होती. तिनं कप आंटीच्या हातातून घेतला, आणि पहिल्यांदाच मराठीत विचारलं, "पहिला थेंब जमिनीला ना?"

ही रीत तिला आम्ही सांगितलेली नव्हती. फोनवर त्यांनीच सांगितली असणार. ती कप घेऊन मागच्या दारात गेली, गुलाबाच्या मुळाशी वाकली आणि कप तिरका करू लागली.

"हळू गं," आंटी मागून म्हणाली. "ठिबक पाहिजे. धार नको."